कवटीसाठी घडवलेलं हेल्मेट

सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकन फुटबॉलमधल्या मायामी डॉल्फिन्स संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकून हल्ला चालवणारा खेळाडू, टुआ टॅगोव्हायलोआ बॉल घेऊन पळाला, बफेलो बिल्सच्या बचावपटूवर डोकं पुढे करून आदळला आणि पडल्या जागी हात ताठ होऊन राहिला. एनएफएल या तिथल्या मुख्य व्यावसायिक लीगमध्ये आल्यापासून त्याच्या मेंदूला बसलेला हा निदान झालेला तिसरा हादरा. महिन्याभरानं तो परत खेळायला निघाला तेव्हा पत्रकारांनी विचारलं, की यंदापासून सामन्यातही हेल्मेटवर जाड मऊ टोपी चढवायची परवानगी मिळाली आहे, ती घालणार का? तो नाही म्हणाला. कारण विचारलं तर वैयक्तिक निवड.

असा माणूस वेडाच म्हणायचा, असं वाटून जातं. पण मग पुण्यातली हेल्मेटसक्ती आठवावी. मान दुखते, केस गळतात, ऐकू येत नाही, इथेच तर जायचंय! डोक्यावर काय घालायचं हा प्रश्न माणूस नुसत्या डोक्यानं सोडवत नाही, आरसाही मध्ये येतो. अमेरिकन फुटबॉलच्या हेल्मेटचा सव्वाशे वर्षांचा प्रवास या दोघांच्या ओढाताणीतूनच झालेला आहे.

आधी खेळाबद्दल दोन वाक्यं, कारण आपल्याकडे फुटबॉल म्हटलं की मेस्सी. अमेरिकन फुटबॉलमध्ये बॉल प्रामुख्यानं हातात असतो आणि दर वेळी खेळ सुरू होताना दोन्ही बाजूंचे धिप्पाड लाइनमन हातभर अंतरावर ओणवे बसून एकमेकांवर झेपावतात. एकेका लाइनमनच्या वाट्याला हे एका सामन्यात साठ-सत्तर वेळा येतं. त्याशिवाय मोकळ्या मैदानात पूर्ण वेगानं होणाऱ्या धडका निराळ्या. टक्कर हा इथे अपघात नाही, टक्कर हाच खेळ आहे.

म्हणून हे हेल्मेट आपल्या दुचाकीच्या हेल्मेटपेक्षा मुळातच वेगळं असतं. दुचाकीच्या हेल्मेटचं आतलं अस्तर काढून बघा, खाली थर्मोकोलसारखा टणक फेस दिसेल. अपघात झाला की तो चेपतो आणि चेपलेलाच राहतो. स्वतः मरून तो तुम्हाला वाचवतो, म्हणूनच एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट टाकून द्यायचं असतं. क्रिकेटच्या हेल्मेटला चेंडू अडवायचा असतो. तो लागतो कधीतरीच, पण लागला तर जिवावर बेततं. नरी कॉन्ट्रॅक्टरना १९६२ साली बार्बाडोसमध्ये ग्रिफिथचा चेंडू लागला आणि त्यांची कवटी फुटली, त्या वेळी हेल्मेटचा पत्ताच नव्हता. फुटबॉलच्या हेल्मेटला मात्र एका हंगामात शेकडो धडका खायच्या असतात आणि प्रत्येकीनंतर पुन्हा मूळ आकारात यायचं असतं. थर्मोकोल इथे पहिल्याच सरावात संपेल. त्यामुळे बाहेर पॉलिकार्बोनेटचं कडक कवच, आत दाबल्यावर परत फुलणारे फोम, हवेच्या पिशव्या किंवा प्लास्टिकचे लवचीक खांब, पुढे धातूची जाळी आणि हनुवटीला पट्टा अशी त्याची रचना असते. सगळं मिळून वजन दोन किलोच्या आसपास.

हे अस्तर नेमकं करतं काय? गल्लीत सीझनचा बॉल झेलणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. हात ताठ ठेवला तर तळहात झणाणतो, चेंडूबरोबर हात मागे घेतला तर काहीच होत नाही. चेंडूचा वेग तोच, फक्त तो थांबायला जास्त अंतर मिळालं. याचा हिशेबही सोपा आहे. एखादी वस्तू दीड मीटरवरून पडली आणि फरशीवर तीन मिलिमीटरमध्ये थांबली, तर तिला सरासरी गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ५०० पट झटका बसतो. तीच गादीवर तीन सेंटिमीटरमध्ये थांबली तर ५० पट. पडण्याची उंची भागिले थांबण्याचं अंतर, एवढंच गणित. हेल्मेट बनवणारी सगळी कंपनी, तिची प्रयोगशाळा, तिची पेटंट, सगळं त्या दोन-तीन सेंटिमीटरसाठी झगडत असतं. जाडी वाढवली की सुरक्षा वाढते हे उघड आहे. पण जाडी वाढवली की डोकं भोपळ्यासारखं दिसतं, वजन वाढतं आणि मानेवर ताण येतो.

सुरुवात मात्र चांभाराच्या दुकानात झाली. १८९३ साली अमेरिकेच्या नौदल अकादमीत जोसेफ मेसन रीव्ह्ज नावाचा एक विद्यार्थी खेळाडू होता. डोक्याला आणखी एक लाथ बसली तर वेड लागेल किंवा मरशील, असं डॉक्टरनं त्याला बजावलं होतं. लष्करी अकादमीविरुद्धचा सामना सोडायचा नव्हता, म्हणून त्यानं अ‍ॅनापोलिसच्या एका चांभाराकडून जाड टोपी शिवून घेतली आणि ती घालून तो खेळला. पुढे तो अ‍ॅडमिरल झाला आणि अमेरिकी नौदलात विमानांचा पाया घालणाऱ्यांपैकी एक ठरला, म्हणजे टोपीनं काम केलं म्हणायचं.

पुढची चाळीसेक वर्षं चामड्याच्या टोप्यांची. त्याही ऐच्छिक. बरेच जण घालतच नसत, पुरुषार्थाला कमीपणा येतो म्हणून. १९०५ च्या एका हंगामात या खेळात किमान १८ तरुण मेले तेव्हा राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाऊसमध्ये बोलावून घेतलं. त्यातून जे बदलले ते खेळाचे नियम. बॉल पुढे फेकायची मुभा मिळाली, त्यामुळे सगळ्यांनी एका ढिगात कोसळणं कमी झालं. टोपीला कुणी हात लावला नाही. हे लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

१९३९ मध्ये शिकागोच्या जॉन रिडेलनं प्लास्टिकचं कवच आणलं. कवचापेक्षा आतली युक्ती महत्त्वाची होती. डोकं आणि कवच यांच्यामध्ये कापडी पट्ट्यांचं झोळीसारखं जाळं, म्हणजे डोकं कवचाला टेकतच नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या हेल्मेटच्या आत हीच झोळी वापरली गेली. एनएफएलनं हेल्मेट सक्तीचं केलं ते १९४३ साली. सुरुवातीचं प्लास्टिक मात्र ठिसूळ होतं, तडकायचं, आणि १९४८ मध्ये लीगनं त्यावर तात्पुरती बंदीही घातली.

नेमकं त्याच वर्षी फ्रेड गेर्की नावाच्या माणसानं या खेळाचा चेहरा बदलला. गेर्की लॉस एंजेलिस रॅम्सचा खेळाडू, पण विद्यापीठात चित्रकला शिकलेला. रॅम म्हणजे एडका. त्यानं चामड्याच्या हेल्मेटला निळा रंग दिला आणि दोन्ही बाजूंना पिवळी वळणदार शिंगं काढली. मालकाला ती इतकी आवडली की सगळीच रंगवून घेतली, ७५ हेल्मेटं, एका हेल्मेटला एक डॉलर. सामन्यात शिंगं खरवडली जायची, की गेर्की पुन्हा ब्रश घेऊन बसायचा. पुढच्या वर्षी रिडेलनं ती शिंगं प्लास्टिकमध्येच पक्की करून दिली. व्यावसायिक संघाच्या हेल्मेटवरचं हे पहिलं चिन्ह. त्यानंतर सगळ्यांनाच आपापलं चिन्ह हवंसं झालं. आज पिट्सबर्ग स्टीलर्सचं चिन्ह फक्त उजव्या बाजूलाच का आणि क्लीव्हलँड ब्राउन्सचं नारिंगी हेल्मेट कोरंच का, यावर लोक तासन् तास बोलतात. ओहायो स्टेट विद्यापीठात चांगल्या कामगिरीबद्दल हेल्मेटवर पानाचे छोटे स्टिकर मिळतात. शाळेत बाईंनी वहीवर स्टार द्यावा तसे, फक्त हा स्टार कपाळावर मिरवायचा.

हे सगळं शक्य झालं कारण कवच कडक, गुळगुळीत आणि चकचकीत होतं. टेलिव्हिजन आलं तेव्हा खेळाडूचा चेहरा जाळीआड गेलेला होता, उरलं होतं ते हेल्मेट. म्हणजे ज्या गुणामुळे ते कवटी वाचवतं, त्याच गुणामुळे ते झेंड्यासारखं फडकवता येतं. आणि त्याच गुणामुळे त्याचं हत्यारही झालं.

१९५३ मध्ये ब्राउन्सच्या ऑटो ग्रॅहमचं तोंड एका कोपरानं फुटलं. टाके घालून, हेल्मेटला पारदर्शक प्लास्टिकची पट्टी लावून तो परत उतरला. त्यातून पुढे जाळी रूढ झाली, नाकं-दात वाचले. पण नाक वाचणार म्हटल्यावर खेळाडू बिनधास्त डोकं खाली घालून भाल्यासारखे घुसायला लागले. प्रशिक्षकही तसंच शिकवत. डोक्यावर टणक कवच, पुढे लोखंडी जाळी, मग आधी खांदा कशाला? १९६८ च्या हंगामात शाळा-कॉलेजपासून व्यावसायिकांपर्यंत मिळून ३६ खेळाडू खेळतानाच्या इजांनी दगावले, बहुतेकांना मार लागला होता डोक्याला आणि मानेला. जास्त सुरक्षित साधन दिलं की माणूस जास्त धोका पत्करतो, हे तज्ज्ञांनी पुष्कळ अवघड शब्दांत सांगितलं आहे. एक्स्प्रेसवे झाल्यावर आपण काय केलं ते पाहिलं तरी पुरे.

यावर दोन गोष्टी झाल्या. १९६९ मध्ये खेळसाधनांचे निकष ठरवणारी नॉक्सी ही संस्था निघाली आणि १९७३ मध्ये तिनं फुटबॉल हेल्मेटचा पहिला निकष काढला. हेल्मेट घातलेलं नकली डोकं उंचावरून आपटायचं आणि आतल्या यंत्रानं झटका मोजायचा. दुसरं म्हणजे १९७६ मध्ये शाळा आणि कॉलेजात डोक्यानं पहिली धडक देणं नियमबाह्य ठरलं. मान मोडून कायमचं लुळं होण्याचे प्रकार यानंतर झपाट्यानं घटले. १९९० चा हंगाम तर असा गेला की खेळातल्या थेट इजेनं एकही मृत्यू झाला नाही. माझ्या मते यातलं मोठं श्रेय नियमाला जातं. चांगलं हेल्मेट कवटी वाचवतं, पण मान वाचली ती डोकं वर ठेवून भिडायला शिकवल्यामुळे.

तर कवटीचा प्रश्न जवळपास सुटला. मग टुआला काय झालं?

मेंदू कवटीला चिकटलेला नसतो. सुमारे १.४ किलोचा तो मऊ गोळा पातळ द्रवात सांभाळून ठेवलेला असतो. घट्ट लागलेल्या दह्याचं भांडं घ्या. ते ओट्यावर सरळ पुढे ढकलून थांबवलंत तर दही बहुधा शाबूत राहतं. पण भांडं झटक्यात गोल फिरवा. भांडं फिरतं, दही मागे राहतं, कडेनं सुटतं, मध्ये चिरतं. दाबाला टिकणारी मऊ वस्तू पिळाला टिकत नाही. ऑक्सफर्डचे भौतिकशास्त्रज्ञ होलबर्न यांनी १९४३ मध्येच हे मांडलं होतं. त्यांनी मेंदूच्या आकारात जिलेटिन ओतून प्रयोग केले आणि खरा घात डोकं गर्रकन फिरण्यानं होतो असं दाखवलं. कारण मेंदूतले लांब, धाग्यांसारखे तंतू त्यात ताणले जातात. ते ताणले की काही काळ संदेशांचा गोंधळ उडतो. डोळ्यांपुढे अंधारी, मळमळ, आपण कुठे आहोत ते न कळणं. याला कन्कशन म्हणतात. शुद्ध हरपतेच असं नाही, बहुतेक वेळा हरपत नाही. एमआरआय किंवा सीटी स्कॅनमध्येही बहुधा काही दिसत नाही.

आता नॉक्सीची ती परीक्षा आठवा. डोकं सरळ खाली आपटायचं आणि सरळ झटका मोजायचा. फिरण्याचा हिशेब त्यात अनेक दशकं नव्हताच, तो आला अगदी अलीकडे. म्हणजे वर्षानुवर्षं कंपन्या ज्या पेपरात उत्तम गुण मिळवत होत्या, त्यात मेंदूबद्दलचा महत्त्वाचा प्रश्नच विचारलेला नव्हता. आणि गंमत बघा, कडक गोल कवच बाजूनं धडकलं तर डोकं फिरतंच. शिवाय हेल्मेट घातल्यावर डोकं मोठं आणि जड होतं, त्यामुळे फिरवणाऱ्या धक्क्याला पकडायला जागाही जास्त मिळते.

याहून कठीण भाग पुढेच आहे. पिट्सबर्ग स्टीलर्सचा माइक वेब्स्टर हा सेंटर होता, म्हणजे रांगेच्या मधोमधचा, प्रत्येक खेळीत डोक्यानं भिडणारा लाइनमन. २००२ मध्ये पन्नाशीत तो गेला तेव्हा तो बेघर, भ्रमिष्ट अवस्थेतून गेलेला होता. शवविच्छेदन करणारे नायजेरियात जन्मलेले डॉक्टर बेनेट ओमालू यांना त्याच्या मेंदूत टाऊ नावाच्या प्रथिनाची पुटं सापडली आणि २००५ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. या आजाराचं नाव क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी, थोडक्यात सीटीई. बॉस्टन विद्यापीठात अ‍ॅन मॅकी यांच्या चमूनं २०१७ मध्ये एनएफएलच्या १११ माजी खेळाडूंचे मेंदू तपासल्याचं जाहीर केलं, त्यांतल्या ११० मध्ये सीटीई होता. हा आकडा जपून वाचायला हवा. कारण ज्यांच्या घरच्यांना आधीच शंका होती असेच मेंदू जास्त करून दान होतात, त्यामुळे दर १११ खेळाडूंमागे ११० असा त्याचा अर्थ होत नाही. पण आजार विरळा नाही एवढं त्यातून कळतं. सीटीईचं पक्कं निदान आजही मृत्यूनंतरच होतं. आणि तो केवळ टीव्हीवर दिसणाऱ्या मोठ्या धडकांमुळे होत नाही. कन्कशनच्या पातळीपर्यंत न पोचलेल्या, लाइनमननं दर खेळीत निमूट खाल्लेल्या हजारो छोट्या टकरांची ती बेरीज असते. टाकी जशी एका घावानं फोडत नाही पण दगड घडवते, तसं.

यापुढे हेल्मेटची किती ताकद? कवटी थांबवता येते, कवटीच्या आत हात घालून मेंदू धरून ठेवता येत नाही. तरीही फरक पडतो, आणि तो मोजताही येतो. व्हर्जिनिया टेक विद्यापीठात स्टीफन ड्यूमा यांच्या गटानं २००३ पासून आपल्या खेळाडूंच्या हेल्मेटमध्ये सेन्सर बसवून प्रत्यक्ष धडका नोंदवल्या आणि २०११ मध्ये हेल्मेटांना ताऱ्यांची क्रमवारी देऊन टाकली. फ्रिजवर वीजबचतीचे तारे असतात तशी. एनएफएलमध्ये तेव्हा अनेकांच्या डोक्यावर असलेल्या व्हीएसआर-४ हेल्मेटला फक्त एक तारा मिळाला. एवढ्या एका तक्त्यानं बाजार हलला. त्याआधी काय चालायचं? रिडेलच्या एका हेल्मेटमुळे कन्कशन ३१ टक्क्यांनी कमी होतात अशी जाहिरात होती. अमेरिकेच्या व्यापार आयोगानं २०१३ मध्ये तपासून सांगितलं की दाखवलेल्या अभ्यासातून तो दावा सिद्ध होत नाही.

नव्या हेल्मेटांत कल्पकता भरपूर आहे. रिडेलच्या स्पीडफ्लेक्समध्ये माथ्याजवळ कवचाला चीर देऊन एक लवचीक झडप केलेली आहे, धडकेत ती आत दबते. सिअ‍ॅटलच्या व्हायसिस कंपनीनं तर बाहेरचं कवचच मऊ केलं आणि आत उभे लवचीक खांब लावले. ते चहूकडे वाकू शकतात, म्हणून फिरवणारा धक्काही थोडा शोषतात. २०१७ च्या एनएफएलच्या चाचणीत ते पहिलं आलं, किंमत सुरुवातीला १५०० डॉलर. पुढे कंपनी आर्थिक अडचणीत आली आणि विकली गेली, पण कल्पना टिकली. आता तर जागेनुसार हेल्मेट मिळतं. लाइनमनला समोरून मार, त्याच्यासाठी कपाळाशी जास्त भर. क्वार्टरबॅकला पाठीवर पाडतात आणि डोक्याची मागची बाजू मैदानावर आपटते, त्याच्यासाठी २०२३ मध्ये मागे जास्त भर असलेलं हेल्मेट आलं.

न्यू जर्सी-टेक्सासच्या ज्या मराठी घरांतली मुलं शाळेच्या टीममध्ये जातात, तिथे हा विषय जेवणाच्या टेबलावर असतो. ताऱ्यांचा तक्ता जरूर बघा, पण त्याआधी हेल्मेट बसतं कसं ते बघा. पट्टे लावून ते हलवलं तर कपाळाची कातडी त्याच्याबरोबर हलली पाहिजे. नुसतं हेल्मेट फिरलं तर ते सैल आहे, मग तारे कितीही असोत. पुढची कड भुवयांच्या साधारण इंचभर वर हवी. शाळेची हेल्मेटं दुरुस्ती-तपासणीला शेवटची कधी गेली होती, हे विचारायला संकोच नको. स्वतः रंग मारणं, सॉल्व्हंटनं पुसणं टाळा, पॉलिकार्बोनेट त्यानं कमकुवत होतं. आणि डोकं जपायचा जास्त खात्रीचा मार्ग हवा असेल तर फ्लॅग फुटबॉल आहे. त्यात बॉल घेऊन पळणाऱ्याच्या कमरेची पट्टी ओढली की ती खेळी तिथेच थांबते. हा प्रकार २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्येही आहे.

पुन्हा आरशाकडे येतो. २०१३ ते २०२१ एनएफएलचा नियम होता की खेळाडूनं हंगामभर एकच कवच वापरायचं, कारण सवयीचं, नीट बसलेलं हेल्मेट मध्येच बदलणं धोक्याचं. नियम सुरक्षेचा, पण बोंब झाली ती वेगळ्याच गोष्टीची. जुन्या काळचे गणवेश घालून खेळायचे खास सामने अडले! टॅम्पा बे संघाच्या फिक्या नारिंगी पोशाखाला पांढरं हेल्मेट लागतं, ते आणायचं कुठून? नियम उठला आणि २०२३ मध्ये तो पोशाख परतला तेव्हा चाहत्यांनी सण साजरा केला. २०१९ मध्ये बॉल झेलणारा खेळाडू अँटोनियो ब्राउन आपल्या जुन्या, मान्यता संपलेल्या हेल्मेटसाठी लीगविरुद्ध दोनदा तक्रार लढला आणि हरला. नव्यातून नीट दिसत नाही असं त्याचं म्हणणं होतं. ते अगदीच खोटं असेल असं मला वाटत नाही. ज्याचं पोट बॉल झेलण्यावर चालतं, त्याला डोळ्यांसमोर सरकलेली अर्ध्या बोटाची कड पुरते.

आणि ती मऊ टोपी, जी टुआनं नाकारली? ती काही नवी नाही. १९८९ च्या सुमारास बफेलोचा मार्क केल्सो एकापाठोपाठ एक हादरे बसल्यावर निवृत्तीच्या बेतात होता. त्यानं हेल्मेटवर प्रो-कॅप नावाचं जाड फोमचं आवरण चढवलं आणि आणखी काही हंगाम खेळला, सुपर बोल या लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत. सहकारी त्याला फुगेडोक्या म्हणून चिडवत. टोपी बाजारात चाललीच नाही. आजच्या गार्डियन कॅपचा, म्हणजे टुआनं नाकारलेल्या टोपीचा, हिशेब थोडा बरा आहे. २०२२ पासून एनएफएलच्या सराव शिबिरात ती काही जागांवरच्या खेळाडूंना सक्तीची झाली, आणि त्यांच्यातली कन्कशन जवळपास निम्म्यानं घटली असं लीग सांगते. विस्कॉन्सिनमधल्या शाळकरी खेळाडूंच्या अभ्यासात मात्र तसा फरक दिसला नाही. त्यांची टोपी पातळ होती, धडकाही वेगळ्या. त्यामुळे टुआचा नकार निव्वळ नटवेपणा होता असंही छातीठोक म्हणता येत नाही.

लीगनं मात्र खेळाडूंची नाडी ओळखली. २०२४ मध्ये सामन्यात टोपीला परवानगी देताना तिच्यावर चढवायला संघाच्या रंगाचं, चिन्ह छापलेलं कापडी आवरण दिलं. लांबून पाहिलं तर हेल्मेटच वाटावं असं. शिवाय काही नवी हेल्मेटं टोपीइतकंच संरक्षण देतात असं चाचणीत दिसल्यावर, ती घालणाऱ्यांना सरावात टोपीतून सूट मिळाली. ती हेल्मेटं जुन्यांपेक्षा थोराड आहेत, फोम आत लपवलेला आहे, बाहेरून मात्र पूर्वीसारखीच चकचकीत. अनेकांनी लगेच तीच घेतली.